कांद्याचें रोप



भाषणाला कांद्याचा विषय घेतला आहे असें सांगितलें म्हणजे ऐकणाराच्या चेहऱ्यावर प्रथम किंचित् हसूं उमटतें. नभोवाणीवरून बोलणाराला ते चेहरे दिसत नाहींत, एवढी एक सोय आहे. परंतु सोलापुरांत राहणाऱ्या माणसानें तरी कांद्याला हसूं नये. मार्गशीर्ष लागला कीं येथील श्री सिद्धेश्वर कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवाराकडे जाणारे रस्ते कांद्याच्या गाड्यांनीं भरून जातात. आपल्या जिल्ह्यांतला माल तर येतोच. पण धाराशिव, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गी ह्या भागांतूनही माल येतो. तुमच्या-माझ्या घरीं आठवड्याला दोन किलो कांदा येतो, तो ह्या राशींतला.

ह्या बाजाराविषयीं आपण वर्तमानपत्रांत जें वाचतों तें बहुधा भावाविषयीं असतें. २०२३ च्या फेब्रुवारींत बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा येथें विकावयास आणला. किलोला एक रुपया भाव मिळाला, आणि गाडीभाडें, हमाली, तोलाई वजा जातां त्याच्या हातीं दोन रुपयांचा धनादेश पडला. ही हकीकत देशभर गाजली. त्याच वर्षीं डिसेंबरांत निर्यातबंदी आली आणि ती २०२४ च्या मे महिन्यांत उठली. भाव कोणाच्या हातीं असावा ह्या वादांत मी शिरत नाहीं. तो माझा अधिकार नव्हे. परंतु भाव शेतकऱ्याच्या हातीं नाहीं हें एकदां मान्य केलें, म्हणजे त्याच्या हातीं काय आहे हा प्रश्न उरतो. माझ्या मतें त्याच्या हातीं सर्वांत अधिक आहे तें रोप. बीं घेतल्यापासून रोप शेतांत उभें राहीपर्यंतच्या दोन महिन्यांत त्या पिकाचें पुष्कळसें भवितव्य ठरून जातें, आणि त्याच दोन महिन्यांकडे शहरांतल्या माणसाचें, आणि कधीं कधीं शेतकऱ्याचेंही, लक्ष नसतें.

मीं जन्मभर शाळेंत मुलांना अंकगणित शिकविलें. सेवानिवृत्त झाल्यावरही ती खोड जात नाहीं, म्हणून प्रथम एक हिशेब मांडतों. कांद्याचें बीं फार हलकें. एका ग्रॅममध्यें सुमारें २५० ते ३०० बिया भरतात. हेक्टरी ८ ते १० किलो बीं घ्यावें असा सर्वसाधारण प्रघात आहे. ८ किलोच धरले तरी ह्या बिया सुमारें २२ लाख होतात. आतां लागण पहा. दोन ओळींत १५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर ठेवलें, तर चौरस मीटरला ६६ आणि हेक्टरला सुमारें ६ लाख ६६ हजार रोपें बसतात. म्हणजे पुडींतून निघालेल्या तीन बियांपैकीं शेतांत एकच पोंचते. उरलेल्या १५ लाख बिया गेल्या कोठें? कांहीं रोप उरतें आणि शेजाऱ्याला विकलें जातें, हें खरें. परंतु तें वजा केलें तरी मोठा आकडा शिल्लक राहतोच. नीट काळजी घेणारे शेतकरी ५ ते ७ किलोंत हेक्टर लावतात, ह्याचा अर्थच हा कीं बाकीची हानि अटळ नव्हे.

पहिली हानि पुडींतच होते. कांदा हें दोन वर्षांचें पीक. पहिल्या वर्षीं बियांपासून गड्डा होतो. तो गड्डा पुन्हां जमिनींत लावला म्हणजे त्यांतून पोकळ दांडा वर येतो, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा वाटोळा गोंडा लागतो, मधमाशा त्यावर येतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं त्या गोंड्यांत काळें, तिकोनी, सुरकुतलेलें बीं तयार होतें. इतक्या खटाटोपानें मिळालेलें हें बीं दुर्दैवानें अल्पायुषी असतें. मालदांडी ज्वारीचें बीं चांगलें वाळवून ठेवलें तर पुढल्या वर्षीं विश्वासानें पेरतां येतें. कांद्याच्या बियांचें तसें नाहीं. आपल्या घरांतल्या उष्णतेंत आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत ठेवलेलें बीं वर्ष उलटलें कीं भरंवशाचें राहत नाहीं. आणि मौज अशी कीं मेलेलें बीं दिसायला जिवंत बियांइतकेंच काळें दिसतें! सरकारी प्रमाणाप्रमाणें विकावयाच्या बियांची उगवण शेंकडा ७० तरी असलीच पाहिजे, आणि त्यांतला ओलावा शेंकडा ८ पेक्षां अधिक नसावा. हवाबंद डब्यांत भरावयाचें असेल तर ६ पेक्षां अधिक नसावा. पुडीवर तारीख छापलेली असते. ती वाचण्याची संवय मात्र अजून सर्वांना लागलेली नाहीं.

ह्याची परीक्षा घरीं घेतां येते, आणि ती इतकी सोपी आहे कीं पांचवीच्या मुलांनीं ती मला अनेकदां करून दाखविली आहे. शंभर बिया मोजाव्या. जुन्या धोतराच्या किंवा पंचाच्या ओल्या तुकड्यावर ओळीनें मांडून कापड गुंडाळावें, आणि तें ताटलींत सावलींत ठेवावें. पाणी ठिबकेल इतकें नको आणि वाळेल असेंही नको. सहाव्या दिवशीं एकदां उघडून मोड मोजावे, बाराव्या दिवशीं पुन्हां मोजावे. सत्तर किंवा अधिक मोड आले तर बीं उत्तम. पन्नास आले तर बियाण्याचें प्रमाण वाढविणें भाग आहे. वीस-तीसच आले तर तें बीं परत करावें. वाफ्यावर टाकून पाहूं असा विचारही करूं नये. बारा दिवस उशीर होतो अशी तक्रार शेतकरी करतात. परंतु वाफ्यावर न उगवलेल्या बियांची वाट पाहण्यांत जे तीन आठवडे जातात आणि मग हंगामच हुकतो, त्यापुढें हे बारा दिवस कांहींच नव्हेत.

उगवण ही एक गोष्ट झाली. जात खरी आहे कीं नाहीं हें मात्र ओलें कापड सांगूं शकत नाहीं. एन-५३, बसवंत ७८० ह्या खरिपाच्या जाती, एन-२-४-१ ही रब्बीची. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें आणि राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेनें पुढें आणखीही जाती दिल्या आहेत. सर्वांचें बीं सारखेंच काळें! माझा एक जुना विद्यार्थी मोहोळकडे शेती करतो. त्यानें एका वर्षीं रब्बीसाठीं म्हणून बीं घेतलें. रोप झकास आलें, लागण झाली, आणि फेब्रुवारींत पाहतों तों रानभर डेंगळे! डेंगळा म्हणजे कांद्याला अकालीं येणारा फुलाचा दांडा. तो आला कीं आंतला कांदा पोकळ राहतो, टिकत नाहीं, आणि बाजारांत त्याला कोणी विचारीत नाहीं. उरलेल्या कांद्यांत निम्मे जोडकांदे निघाले. दुकानदारानें पावती दिली नव्हती, आणि पिशवी कोणीतरी चुलींत घातली होती. तालुक्याच्या तक्रार समितीपुढें ठेवण्यास त्याच्याजवळ कांहींच नव्हतें. त्यानंतर तो पावती, पिशवी आणि मूठभर बीं, असें तिन्ही एका डब्यांत घालून पीक निघेपर्यंत जपून ठेवतो. हा पाठ प्रत्येक शेतकऱ्यानें घ्यावा असा आहे.

टंचाईच्या वर्षीं ही सावधगिरी दुप्पट हवी. २०२० च्या पावसानें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं रोपें सडलीं. त्या ऑक्टोबरांत पंढरपुराकडे भीमेला मोठा पूर आला होता हें आपणांस आठवत असेल. पुन्हां रोप टाकावयाचें तर बीं मिळेना, आणि त्याच महिन्यांत केंद्र सरकारला कांद्याच्या बियांच्या निर्यातीवरच बंदी घालावी लागली. अशा वेळीं जुनें बीं नव्या पुडींत भरण्याचा मोह कोणाला तरी होतोच.

आतां वाफ्याकडे वळूं. ‘रोप टाकणें’ असा आपल्याकडे शब्द आहे. नाशिककडे ह्या रोपाला ‘उळें’ म्हणतात. ‘टाकणें’ ह्या शब्दानें थोडा घात केला आहे असें मला नेहमी वाटतें, कारण पुष्कळ ठिकाणीं बीं खरोखरच टाकलें जातें. हेक्टरभर लागणीसाठीं सुमारें पांच गुंठे जागेवर रोप करतात. मघांच्या हिशेबाप्रमाणें २२ लाख बिया ह्या जागेवर पडल्या, तर चौरस मीटरला चार हजारांहून अधिक होतात. एवढ्या गर्दींत त्या मुठीनें फोकल्या, तर एके ठिकाणीं ढीग आणि दुसरीकडे उघडी माती. ढिगांतलीं रोपें एकमेकांना वर ढकलतात, पांढुरकीं, लांब आणि नाजूक होतात, आणि मर रोग प्रथम त्यांनाच गांठतो.

म्हणून गादीवाफा करावा. रुंदी एक मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनीं बसून मध्यापर्यंत हात पोंचतो. उंची १० ते १५ सेंटीमीटर, म्हणजे पावसाचें पाणी साचत नाहीं. चांगलें कुजलेलें शेणखत चाळून मिसळावें. रुंदीशीं समांतर, पांच ते सात सेंटीमीटरांवर, बोटानें उथळ रेघा ओढाव्या, त्यांत बीं पातळ पेरावें, एक सेंटीमीटरभर चाळलेल्या खतानें झांकावें आणि झारीनें पाणी द्यावें. बीं खोल पेरूं नये, ह्याचें कारण त्याच्या उगवण्याच्या तऱ्हेंत आहे. कांद्याचा कोंब वाकलेल्या गुडघ्यासारखा जमिनींतून वर येतो, मग हळूहळू सरळ होतो, आणि बियांचें काळें टरफल टोंकाला टोपीसारखें घेऊन उभा राहतो. हा गुडघा अशक्त असतो. वर दोन बोटें जड काळी माती असली तर तो आंतल्याआंत मोडतो, आणि शेतकरी बियांना दोष देतो. वरून वाळलें गवत पसरावें, पण गुडघे दिसूं लागतांच तें सायंकाळीं काढून घ्यावें.

आपल्या जिल्ह्याची अडचण दुहेरी आहे. माती भारी, पाणी धरून ठेवणारी. आणि पावसाचा मोठा भाग सप्टेंबरांत पडतो. नेमकें त्याच सुमारास रांगड्या हंगामाचें रोप वाफ्यावर असतें. दोन दिवस झड लागली कीं रोप जमिनीलगत मऊ पडतें, आडवें होतें, आणि वाफ्यावर रुपयाएवढीं, मग ताटाएवढीं टकलें दिसूं लागतात. हाच मर रोग. हा जमिनींतल्या बुरशीचा प्रताप असल्यामुळें रोप पडल्यावर धांवपळ करण्यापेक्षां आधींच बंदोबस्त करणें शहाणपणाचें. शेणखतांत ट्रायकोडर्मा नांवाची उपकारक बुरशी मिसळून तें वाफ्यांत घालतात, त्याचा उपयोग होतो. दुसरा उपाय सोलापूरकरांना फुकट मिळण्यासारखा आहे. मे महिन्यांतल्या ज्या उन्हाला आपण शिव्या देतों, त्याच उन्हांत भिजवलेला वाफा पातळ पारदर्शक प्लॅस्टिकनें कडा दाबून तीन-चार आठवडे झांकून ठेवावा. आंतली माती इतकी तापते कीं रोगाची बुरशी आणि तणाचें बीं दोन्ही पुष्कळसें नाहींसें होतें. इतकें स्वस्त औषध दुसरें मला ठाऊक नाहीं.

रोप लावावयास केव्हां काढावें, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. खरिपांत सहा आठवडे, रब्बींत सात ते आठ आठवडे, असें पुस्तकांतून लिहिलेलें असतें. पण पाऊस लांबला, वीज गेली, मजूर मिळाले नाहींत, कीं दिवस वाढतात आणि रोप वाफ्यावर थोराड होत जातें. शेतकऱ्याला वाटतें, जाड रोप म्हणजे जोमदार रोप. येथेंच फसगत आहे. थंडी पडण्यापूर्वीं रोप अति जाड झालें असलें, तर त्या थंडीनें त्याची समजूत अशी होते कीं आपलें एक वर्ष संपलें, आतां फुलावें. आणि मग डेंगळे येतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीं तेवढी थंडी पडते. मीं माझ्या विद्यार्थ्यांना एक खूण सांगितली होती. रोपाची मान पाटीवरच्या दगडी पेन्सिलीएवढी असावी. लांकडी शिसपेन्सिलीएवढी झाली तर समजावें कीं वेळ टळून गेली.

गंमत अशी कीं कांद्याच्याच कुळांतल्या ‘लीक’ नांवाच्या भाजीचा नियम नेमका उलटा. ही भाजी युरोपांत फार आवडती. वेल्स देशाचें तर तें राष्ट्रीय चिन्हच आहे. तिला गड्डा धरत नाहीं. जाड पांढरा दांडा हाच खावयाचा भाग. तेथील माळी रोप शिसपेन्सिलीएवढें जाड होईपर्यंत थांबतात. मग लांकडी खुंटीनें वीतभर खोल भोंक पाडून त्यांत तें सोडतात, माती न लोटतां नुसतें पाणी ओततात, आणि भोंक आपोआप भरूं देतात. त्यामुळें दांडा अंधारांत लांब आणि पांढरा वाढतो. तेथलें पुस्तक वाचून कोणी कांदा असा खोल लावला, तर गड्डा फुगायला जागा न मिळाल्यामुळें लांबट, बाटलीसारखा कांदा निघेल. कांद्याचें रोप मुळें झांकतील आणि पांढरा भाग जेमतेम मातींत बसेल, इतकेंच उथळ लावावें.

ही लागण करतें कोण? रोप लावणारीं यंत्रें निघालीं आहेत. परंतु आपल्या भागांत अजूनही बहुतेक लागण बायकांच्या हातांनीं होते. एकरी सुमारें २ लाख ७० हजार रोपें होतात, म्हणजे तितक्या वेळां कोणाचा तरी अंगठा ओल्या मातींत दाबला जातो. उन्हांत, चिखलांत, दिवसभर वांकून. काम बहुधा उक्तें दिलेलें असतें. उक्त्या कामांत घाई होते. आणि घाई झाली कीं दोन रोपें एकत्र जातात, मुळें वर वळतात, अंतर वाटेल तसें पडतें. दोष बायकांचा नव्हे. एकराचा दर ठरवितांना मालकानें जी घासाघीस केलेली असते, तीच मातींत उमटते. चार पैसे अधिक देऊन नीट अंतरावर लागण करून घेणारा मनुष्य पुढें काढणीच्या वेळीं सारख्या आकाराचा माल पाहतो, आणि बाजारांत प्रतवारी करतांना त्याला पहिल्या ढिगांत जागा मिळते.

लागणीची बारीकसारीक माहिती थोडक्यांत सांगतों. उपटण्यापूर्वीं आठ दिवस वाफ्याचें पाणी कमी करावें, म्हणजे रोप काटक होतें. आणि उपटण्याच्या आदल्या दिवशीं भरपूर द्यावें, म्हणजे मुळें तुटत नाहींत. पातीचा वरचा तिसरा हिस्सा कापून टाकावा. ह्या कापण्याविषयीं मतभेद ऐकूं येतात. पण पात लांब राहिली तर ती उन्हांत लोळते, आणि मुळें रुजण्यापूर्वींच पाणी उडवून बसते, असें मीं पाहिलें आहे. लागण शक्यतों दुपार कलल्यावर करावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं हलकें पाणी द्यावें. ह्याला ‘आंबवणी’ म्हणतात, आणि ती चुकली तर मागची सर्व मेहनत वाया जाते.

शेवटीं, ज्यांच्या घरामागें चार हात मोकळी जागा आहे, त्या गृहिणींसाठीं आणि त्यांच्या मुलांसाठीं दोन शब्द. फळांच्या लांकडी खोक्यांत कुजलेलें खत-माती भरून ऑक्टोबरच्या अखेरीस एक ग्रॅम कांद्याचें बीं पेरावें. डिसेंबरच्या मध्यास जवळजवळ दोनशें रोपें हातीं येतील. त्यांना तीन चौरस मीटर जागा पुरे. बीं मात्र आपल्याकडच्याच जातीचें घ्यावें. शोभिवंत चित्रांच्या परदेशी पुड्या हल्लीं शहरांत सहज मिळतात. त्यांतल्या पुष्कळ जातींना गड्डा धरण्यास १४ ते १६ तासांचा दिवस लागतो, आणि आपल्या सोलापुरांतला सर्वांत मोठा दिवस जूनमध्यें सुमारें १३ तासांचा. मग पात हिरवीगार वाढते आणि खालीं कांदा कांहीं केल्या धरत नाहीं. लीकला गड्ड्याशींच कर्तव्य नसल्यामुळें ही अडचण नाहीं. हौस असेल त्यांनीं तिचें रोप सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस चुकवून, खोक्यांत करून पहावें आणि थंडींत खोल भोंकांत लावावें. तिला चार-पांच महिने लागतात, आणि आपलें ऊन्ह मार्चमध्येंच कडक होतें, म्हणून उशीर करूं नये.

कांदा मात्र एप्रिलपर्यंत थांबेल. निम्म्या झाडांच्या माना आपण होऊन पडल्या कीं पाणी तोडलेल्या वाफ्यांतून तो उपटावा, एकाच्या पातीनें दुसऱ्याचा गड्डा झांकला जाईल असा ओळीनें पसरून तीन-चार दिवस तसाच ठेवावा, आणि मग दोन बोटें मान ठेवून पात कापावी. चौरस मीटरला अडीच-तीन किलो माल निघाला, तर आपलें रोप चांगलें होतें असें समजण्यास हरकत नाहीं.